मेघालयातील धबधब्यांची सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून मेघालयाला जाण्याचे ठरवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत क्रमाने मांडले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेघालयाची सहल म्हणजे नेमके कोठे जायचे? सगळे राज्य एका फेरीत पाहून होते का?

होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. २१ जानेवारी १९७२ रोजी स्वतंत्र राज्य झालेल्या मेघालयाचे पूर्वेकडून पश्चिमेकडे जयंतिया, खासी आणि गारो असे तीन डोंगराळ भाग आहेत. बहुतेक प्रवासी ज्या धबधब्यांसाठी जातात ते खासी आणि जयंतिया डोंगरांच्या दक्षिण कडेला, म्हणजे बांगलादेशच्या मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या कड्यांवर आहेत. शिलाँग, सोहरा, डावकी आणि जोवाई ही या फेरीतील चार मुख्य ठिकाणे होत. तुरा, नोकरेक, बालपाक्रम असलेला गारो भाग सुंदर असला, तरी तो दूर आहे आणि त्याच्यासाठी वेगळी सहल काढणेच योग्य ठरते.

२. चेरापुंजी आणि सोहरा ही दोन वेगळी गावे आहेत का?

दोन्ही एकच. गावाचे मूळ नाव सोहरा. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘चेरा’ झाले आणि पुढे शाळेच्या भूगोलातून चेरापुंजी हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. आता रस्त्यावरील पाट्यांवर आणि स्थानिकांच्या बोलण्यात सोहरा हेच नाव असते, त्यामुळे निवासाचा शोध घेताना दोन्ही नावांनी पाहावे. खासी भाषेत ‘माव’ म्हणजे दगड आणि ‘उम’ म्हणजे पाणी, एवढे लक्षात ठेवले तरी मावफ्लांग, मावसिनराम, उमियम, उमनगोट ही नावे एकदम ओळखीची वाटू लागतात.

३. एकूण किती दिवस काढावेत आणि ते कसे वाटावेत?

गुवाहाटीत उतरल्यापासून पुन्हा गुवाहाटीस पोहोचेपर्यंत सात रात्री मिळाल्या तर ही सहल समाधानाने होते. पाच रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर काहीतरी निश्चयाने वगळावे लागते. आमच्या मते पहिली रात्र शिलाँगला, त्यानंतरच्या दोन सोहऱ्याला, चौथी झाडाच्या जिवंत मुळांपासून घडवलेल्या डबल डेकर पुलाजवळच्या (प्रश्न ११) नोंग्रियातला, पाचवी पुन्हा सोहऱ्याला विश्रांतीसाठी, सहावी डावकी किंवा श्नोंगपडेंगला आणि सातवी क्रांग सुरी धबधबा व जोवाई पाहून परत शिलाँगला, अशी विभागणी सर्वांत सुखाची ठरते. शिलाँगहून सोहऱ्याला जाताना एलिफंट धबधबा वाटेवरच लागतो आणि थोडी वाट वाकडी केली तर मावफ्लांगची देवराईही त्याच दिवशी होते.

शिलाँगला मुक्काम ठेवून सोहरा एका दिवसात ‘करून’ येण्याचा बेत अनेक जण आखतात, कारण अंतर जेमतेम ५४ किलोमीटर आहे. हा बेत आम्हाला मुळीच पसंत नाही. सोहऱ्याचे धबधबे धुक्याच्या मर्जीने दिसतात, आणि ज्याने तेथे रात्र काढली आहे त्यालाच दुसऱ्या सकाळची संधी मिळते (प्रश्न १० पाहावा). दिवस कमी असतील तर डावकी किंवा नोंग्रियात यांपैकी एक सोडावे, सोहऱ्याच्या रात्री कमी करू नयेत.

४. धबधबे पाहायचे असतील तर कोणत्या महिन्यात जावे?

या पानावर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की एकाच फेरीत सर्व काही मिळेल असा महिना वर्षात नाही. छायाचित्रांत दिसणारा कोसळता, दुधाळ नोहकालिकाई (सोहऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध धबधबा) आणि काचेसारख्या पाण्यावर हवेत तरंगल्यासारखी भासणारी डावकीची नाव ही दोन दृश्ये वेगवेगळ्या ऋतूंची आहेत. धबधब्याला जे पाणी फुगवते तेच पाणी डावकीच्या उमनगोट नदीला गढूळ करते.

जून ते ऑगस्टमध्ये धबधबे पूर्ण भरात असतात, परंतु ढग इतके खाली उतरतात की समोरचा कडा तासन्‌तास दिसत नाही, आणि नदीतील नौकाविहारही वारंवार बंद ठेवला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आकाश निळे, नदी नितळ आणि चालणे सुखाचे असते, मात्र अनेक धबधब्यांची धार बारीक होते. ‘सेव्हन सिस्टर्स’ या नावाने ओळखला जाणारा नोहस्‌ङिथियांग तर कोरड्या दिवसांत जवळजवळ नाहीसाच होतो. मार्चमध्येही पाणी कमीच असते, आणि वळवाच्या जोरदार सरी एप्रिलपासून येऊ लागतात.

म्हणून धबधबे हाच सहलीचा हेतू असेल तर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतचा काळ निवडावा. पाऊस ओसरत असतो, कड्यांवरून पाणी अजून वाहत असते, आणि ऑक्टोबर सरता सरता उमनगोटचे पाणीही निवळू लागते. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या याच सुमारास येतात, त्यामुळे गर्दी असते आणि निवासाची व्यवस्था बरीच आधी करावी लागते.

५. येथे इतका पाऊस का पडतो? आणि सर्वाधिक पाऊस सोहऱ्याला की मावसिनरामला?

बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे वारे बांगलादेशच्या सपाट मैदानावरून विनाअडथळा उत्तरेकडे सरकतात आणि खासी डोंगरांच्या भिंतीवर येऊन आदळतात. समुद्रसपाटीच्या जवळपास असलेले मैदान काही किलोमीटरच्या अंतरातच हजार मीटरहून अधिक उंचीच्या पठाराला भिडते. त्यामुळे ढग एकदम वर ढकलले जातात, थंड होतात आणि रिते होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे घडते तेच येथे घडते, परंतु दरीच्या अरुंद तोंडांत वारा कोंडला गेल्याने त्याची तीव्रता कितीतरी अधिक असते.

वार्षिक सरासरीत मावसिनराम सोहऱ्याच्या किंचित पुढे आहे. दोन्ही ठिकाणची दीर्घकालीन सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे मुंबईच्या वार्षिक पावसाच्या साधारण पाचपट आहे. बारा महिन्यांतील सर्वाधिक पावसाचा विक्रम मात्र सोहऱ्याच्याच नावावर आहे : ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या काळात तेथे २६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला. प्रवाशाच्या उपयोगाची गोष्ट ही की येथील पावसाचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे पडतो, त्यामुळे ऐन पावसाळ्यातही दिवसा काही तास उघडीप मिळण्याची आशा असते.

आश्चर्य वाटेल, पण याच सोहऱ्यात हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. पडलेले पाणी पातळ मातीच्या थरावरून आणि चुनखडीच्या भेगांमधून वाहून खाली मैदानात जाते. निवासस्थानी पाणी जपून वापरण्याची विनंती केलेली असेल तर ती मनापासून पाळावी.

६. महाराष्ट्रातून तेथे पोहोचायचे कसे?

गुवाहाटी हेच सोयीचे प्रवेशद्वार आहे. मुंबई आणि पुण्याहून तेथे विमानाने जाता येते, आणि मुंबईहून थेट रेल्वेही आहे, परंतु रेल्वेने दोन दिवसांहून अधिक वेळ लागतो हे धरून चालावे. शिलाँगजवळ उमरोई येथे विमानतळ आहे, मात्र तेथील उड्डाणे मोजकी असून हवामानामुळे त्यांवर परिणाम होतो. मेघालयाच्या खासी व जयंतिया भागात प्रवासी रेल्वे नाही.

गुवाहाटी ते शिलाँग हे अंतर सुमारे १०० किलोमीटर असून रुंद आणि चांगल्या रस्त्याने साधारण तीन तास लागतात. शिलाँगच्या अलीकडे उमियम जलाशय लागतो, ज्याला स्थानिक लोक बडापानी असेही म्हणतात. गुवाहाटीत दुपारी उशिरा उतरत असाल तर त्याच रात्री डोंगर चढण्याची घाई न करता गुवाहाटीत मुक्काम करावा. त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

७. इनर लाइन परमिट लागते का?

भारतीय नागरिकांना मेघालयात जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागत नाही. ईशान्येतील अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत ते लागते, त्यामुळे हा गोंधळ होतो. मेघालयातही अशी पद्धत लागू व्हावी अशी मागणी जुनी आहे आणि २०१९ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला होता, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या पर्यटन विभागाच्या सूचना एकदा वाचून घ्याव्यात. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ असावे.

८. ‘दिवस लवकर मावळतो’ असे सगळे सांगतात, पण म्हणजे किती लवकर?

नियोजन बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून ते नीट समजून घ्यावे. शिलाँग हे मुंबईच्या सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे आणि सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. घड्याळ मात्र देशभर एकच. म्हणजे तेथे सर्व काही मुंबईच्या सव्वा तास आधी घडते. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पाच वाजता अंधार असतो. ऑक्टोबरमध्येही साडेपाचपर्यंत उजेड ओसरलेला असतो.

आपल्याकडे सहलीत नाश्ता करून साडेनऊ-दहाला बाहेर पडण्याची सवय असते. तसे केले तर सोहऱ्यात दुपारपर्यंत दोनच ठिकाणे होतात आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत दरी काळोखात बुडते. सकाळी सहा-साडेसहाला बाहेर पडावे, नाश्ता वाटेत करावा आणि चार वाजता शेवटच्या ठिकाणाहून परत फिरावे. चालक रात्रीच्या प्रवासाला नकार देतो तेव्हा तो आळशीपणा करत नसतो. धुक्यातील वळणे त्याला आपल्यापेक्षा चांगली माहीत असतात.

९. गाडी गुवाहाटीहून ठरवावी, स्वतः चालवावी, की सार्वजनिक वाहनांनी फिरावे?

कुटुंबासह जात असाल तर संपूर्ण सहलीसाठी चालकासह एकच गाडी ठरवणे उत्तम, आणि शक्य असल्यास ती मेघालयातील नोंदणीची व स्थानिक चालकाची असावी. त्याला धबधब्याचा रस्ता बंद आहे की सुरू, ही बातमी आपल्याआधी कळते. ठरवताना चालकाचा मुक्काम, वाहनतळाचे शुल्क आणि अंतराची मर्यादा यांबाबत लेखी स्पष्टता असावी.

स्वतः गाडी चालवण्यास हरकत नाही, परंतु ज्यांना घाटात धुक्यात गाडी चालवण्याची सवय आहे त्यांनीच ते करावे. एकट्या-दुकट्या प्रवाशासाठी शिलाँगच्या बडाबाजार परिसरातून सोहरा व डावकीकडे जाणाऱ्या सामायिक सुमो स्वस्त आणि खात्रीच्या असतात. भरल्यावर सुटतात, दुपारनंतर विरळ होतात आणि रविवारी त्यांच्यावर विसंबून राहू नये (प्रश्न १६). सुमो गावात सोडते. तेथून धबधब्यांपर्यंत जाण्यासाठी स्वतंत्र टॅक्सी घ्यावी लागते.

१०. नोहकालिकाईला गेलो आणि फक्त पांढरे धुके दिसले, असे बऱ्याच जणांचे होते. हे टाळता येते का?

पूर्णपणे टाळता येत नाही, पण दिसण्याची शक्यता वाढवता येते. नोहकालिकाई सुमारे ३४० मीटरवरून एका झेपेत कोसळतो आणि देशातील सर्वांत उंच थेट पडणारा धबधबा म्हणून ओळखला जातो. आपण त्याच्या समोरच्या कड्यावर उभे असतो आणि मध्ये दरी असते. ती दरी ढगाने भरली की हाताच्या अंतरावरचा कठडाही दिसत नाही. पहिला उपाय म्हणजे सोहऱ्याला किमान दोन रात्री राहणे आणि पहाटे उजाडताच पहिले ठिकाण म्हणून येथे येणे. दुसरा उपाय थांबण्याचा. ढग स्थिर नसतात. वीस मिनिटे, कधी तासभर थांबल्यावर पडदा सरकावा तसे धुके सरकते आणि दोन-तीन मिनिटे पूर्ण धबधबा खालच्या निळसर-हिरव्या डोहासह दिसतो. ‘पुढचे ठिकाण राहील’ म्हणून दहाव्या मिनिटाला निघालेल्या मंडळींपेक्षा शांतपणे बसून राहिलेल्यांच्या पदरात अधिक पडते.

‘नोह का लिकाई’ म्हणजे लिकाईची उडी. लिकाई नावाच्या विधवा मातेने दुसरे लग्न केले. तिचा जीव लेकीतच गुंतलेला पाहून मत्सराने पेटलेल्या नवऱ्याने त्या मुलीला मारून तिचे मांस शिजवले. दमून आलेल्या लिकाईने नकळत ते खाल्ले, आणि पानसुपारीच्या टोपलीत लहान बोटे दिसल्यावर ती या कड्याकडे धावत सुटली. लहान मुले बरोबर असतील तर ही कथा त्यांना कितपत सांगायची याचा विचार आधी करावा, कारण तेथील फलकावर ती लिहिलेली आहे.

११. डबल डेकर पुलाचा रस्ता खरोखर इतका अवघड आहे का? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते का?

रस्ता धोकादायक नाही, पण दमवणारा निश्चित आहे. तिर्णा गावापर्यंत गाडी जाते आणि तेथून नोंग्रियातपर्यंत सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांची वाट आहे. वाटेत लोखंडी तारांचे दोन झुलते पूल ओलांडावे लागतात, जे चालताना हलतात. जाताना बहुतेक उतार असल्याने दीड-दोन तासांत माणूस हसत-खेळत पोहोचतो, आणि तेथेच अंदाज चुकतो. परतीच्या चढाला जवळपास दुप्पट वेळ आणि कितीतरी अधिक दम लागतो. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला हे जमते. एरवी जिन्याचे दोन मजले चढून धाप लागणाऱ्याने विचार करावा.

सकाळी सातला उतरायला सुरुवात केली तर एका दिवसात परत येता येते, पण आमचा आग्रह नोंग्रियातला एक रात्र राहण्याचा आहे. गावात साधी घरगुती निवासव्यवस्था मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे रेनबो धबधब्यापर्यंत जाता येते, जो एकाच दिवसाच्या धावपळीत जवळजवळ सर्वांचाच राहून जातो. मोठे सामान सोहऱ्याला ठेवावे आणि पाठीवर एका रात्रीपुरतेच घ्यावे.

या पुलांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. वड-पिंपळाच्याच कुळातील रबराच्या झाडाच्या पारंब्या पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेल्या जातात, तेथे त्या रुजतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्यांना वळवत, विणत राहिल्यावर माणसाचा भार पेलणारा पूल तयार होतो. लाकडी पूल येथील पावसात कुजतो. हा पूल मात्र वयानुसार अधिक बळकट होत जातो. लावणारा बहुधा नातवंडांसाठी लावतो. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. पुलावर उड्या मारू नयेत, पारंब्यांवर नावे कोरू नयेत आणि एका वेळी किती माणसांनी जावे याबाबत गावकऱ्यांचे ऐकावे.

१२. आई-वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना घेऊन जाण्यासारखी ही सहल आहे का?

निःशंकपणे आहे. नोहकालिकाई आणि नोहस्‌ङिथियांग हे दोन्ही मोठे धबधबे गाडीतून उतरून थोडे चालताच समोर दिसतात. क्यिनरेम हा सुमारे ३०५ मीटर उंचीचा, तीन टप्प्यांचा धबधबा तर रस्त्याच्या कडेलाच आहे. जिवंत पूल पाहायचा असेल तर मावलिन्नोंगजवळच्या रिवाई गावातील पुलापर्यंत बऱ्याच कमी पायऱ्या आहेत. एलिफंट धबधब्याचा वरचा टप्पाच पाहून त्यांनी थांबावे. मावस्माई गुहेत काही जागी वाकून, अंग चोरून जावे लागते, तेव्हा ती टाळावी. शिलाँगची उंची सुमारे १,५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडीशीच अधिक आहे. विरळ हवेचा त्रास होण्याची भीती बाळगू नये.

१३. धबधब्याखाली किंवा डोहात उतरता येते का?

काही ठिकाणी येते, पण नेहमी नाही. जयंतिया डोंगरांतील क्रांग सुरी येथे निळ्या डोहात ठरवून दिलेल्या भागात लाइफ जॅकेट घालून उतरू देतात, आणि पाणी वाढले की प्रवेश बंद करतात. वेई सावडोंग हा तीन टप्प्यांचा धबधबा अतिशय देखणा आहे, परंतु खाली जाण्याची वाट उभी, बांबूच्या शिड्यांची आणि ओलसर असते. पावसाळ्यात तेथे जाऊ नये. डैंथलेन धबधब्याला वरच्या सपाट खडकावर पाण्याने कोरलेले रांजणखळगे पाहत हिंडता येते, पण शेवाळलेल्या कडेपासून दूर राहावे. वरच्या पठारावर पडलेला पाऊस आपल्याला खाली दिसत नाही आणि पाणी काही मिनिटांत चढते. गावचा माणूस ‘बाहेर या’ म्हणाला की कारण न विचारता बाहेर यावे.

१४. डावकीला नौकाविहार करावा की श्नोंगपडेंगला?

नदी एकच आहे, उमनगोट. डावकीला १९३२ सालचा झुलता पूल आणि बांगलादेशची सीमा आहे, म्हणून गर्दी अधिक. श्नोंगपडेंग थोडे वर असून तेथे नदीकाठी मुक्काम करता येतो आणि सकाळचे शांत पाणी मिळते. आम्ही श्नोंगपडेंगच सुचवतो. पाण्याच्या नितळपणाविषयी प्रश्न ४ पाहावा. सीमेजवळ जवानांनी सांगितलेली मर्यादा ओलांडू नये.

१५. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का?

शिलाँग आणि सोहऱ्यात होणार नाहीत. वाटेत आणि खेड्यांत थोडी तयारी लागते. शिलाँगच्या पोलीस बाजार परिसरात शाकाहारी भोजनालये आहेत आणि सोहऱ्यातही पर्यटकांसाठी डाळ-भात-भाजी सहज मिळते. खेड्यातील छोट्या खानावळींत मात्र मांसाहार हाच मुख्य असतो. जादोह हा भाताचा प्रकार दिसायला आपल्या मसालेभातासारखा वाटला, तरी तो मांस घालूनच शिजवतात. तुंगताप ही चटणी सुक्या मासळीची असते. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नये. नोंग्रियातच्या निवासात साधा शाकाहारी भात-डाळ करून देतात, पण आधी सांगावे लागते. भाजके शेंगदाणे, लाडू, दशम्या, मेतकूट असे काही बरोबर असले की मोठ्या माणसांनाही धीर येतो. भांडी वेगळी असावीत असा आग्रह असणाऱ्यांनी स्वतःचे ताट-वाटी न्यावी. यजमानाला त्याबद्दल अवघडवू नये.

१६. रविवारी खरोखर सगळे बंद असते का?

बहुसंख्य खासी आणि जयंतिया समाज ख्रिस्ती असल्याने रविवार हा प्रार्थनेचा आणि कुटुंबाचा दिवस असतो. दुकाने, लहान खानावळी आणि सामायिक वाहने बव्हंशी बंद राहतात, आणि काही गावे त्या दिवशी पर्यटकांना येऊ देत नाहीत. मोठे धबधबे पाहता येतात. रविवार सोहऱ्याच्या मुक्कामात येईल असे पाहावे आणि शनिवारीच औषधे, रोख रक्कम व खाऊ घेऊन ठेवावा.

१७. कपडे, बूट आणि जळवा यांबाबत काय करावे?

पावसाळ्यात छत्रीचा उपयोग जवळजवळ नाही. वारा ती उलटी करतो. पूर्ण बाह्यांचा रेनकोट, लवकर वाळणारे कपडे आणि तळव्याला खोल खाचा असलेले बूट घ्यावेत. जीन्स एकदा भिजली की चार दिवस वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत शिलाँगला कडाक्याची थंडी असते आणि नोंग्रियात-डावकी त्या मानाने उबदार, म्हणून थरांवर थर घालता येतील असे कपडे हवेत. शेतात काम करणाऱ्या खासी स्त्रियांच्या पाठीवर बांबू आणि पानांचे ‘क्नुप’ दिसेल. कोकणात आणि मावळात ज्यांनी इरले पाहिले आहे त्यांना ते पाहून घरचीच आठवण होईल.

जळवा पावसाळ्यात ओल्या पायवाटांवर असतात. त्या ओढून काढू नयेत; नखाची कड तिच्या तोंडाशी सरकवावी किंवा मीठ लावावे, म्हणजे ती सुटते. रक्त थोडा वेळ वाहते, त्याने घाबरू नये.

१८. प्रत्येक ठिकाणी प्रवेशशुल्क मागतात. ते द्यायलाच हवे का?

द्यावे, आणि मनात किंतू न ठेवता द्यावे. येथील बरीचशी जमीन, जंगल आणि झरे सरकारच्या नव्हे तर कुळांच्या व गावांच्या मालकीचे आहेत आणि गावाचा कारभार ‘दोरबार श्नोंग’ ही ग्रामसभा पाहते. पायऱ्या दुरुस्त करणे, कचरा उचलणे, वाटेवर माणूस ठेवणे हे त्याच पैशांतून होते. पावती मागण्यात गैर काही नाही. अनेक ठिकाणी मोबाइलला नेटवर्क नसल्याने यूपीआय चालत नाही, म्हणून सुट्ट्या नोटा शिलाँगहूनच घेऊन निघावे.

१९. तेथील लोकांशी वागताना काही विशेष पाळावे लागते का?

वयाने मोठ्या स्त्रीला ‘कोंग’ आणि पुरुषाला ‘बाह’ म्हणावे, आणि निरोप घेताना ‘खुब्लेई’ म्हणजे धन्यवाद. एवढ्या तीन शब्दांनी चेहरे खुलतात. शिलाँगमध्ये हिंदी चालते, खेड्यांत ती कमी होत जाते आणि इंग्रजी अधिक उपयोगी पडते. खासी समाज मातृवंशीय आहे : मुले आईचे कुळ लावतात आणि वडिलोपार्जित घर बहुधा धाकट्या मुलीकडे जाते. त्यामुळे निवासाच्या ठिकाणी निर्णय घेणारी व्यक्ती स्त्री असेल तर तिच्याशीच बोलावे, ‘घरातल्या पुरुषाला बोलवा’ असे म्हणू नये. विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये.

मावफ्लांगच्या जंगलातून पान, फूल, काडी, दगड असे काहीही बाहेर आणायचे नसते. कोकणातल्या देवराईचा नियम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुलांच्या खिशात एखादा खडा राहिला आहे का, हे बाहेर पडण्यापूर्वी मात्र पाहून घ्यावे.

२०. सोहऱ्याला पोहोचलो आणि दिवसभर पाऊस थांबलाच नाही, तर काय करावे?

गुहा पाहाव्यात. येथील चुनखडीत पाण्याने कोरलेल्या असंख्य गुहा आहेत, ज्यांना खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणतात. मावस्माई गुहेत दिव्यांची सोय आहे आणि आरवाह गुहेत खडकात दडलेले जीवाश्म दिसतात. सोहऱ्याजवळच्याच मावम्लुह गुहेतील एका चुनखडीच्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली, आणि त्यावरून २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातील सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव देण्यात आले. जगातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एकीने दुष्काळाची नोंद जपून ठेवावी, ही गोष्ट पावसात अडकलेल्या संध्याकाळी मुलांना जरूर सांगावी. सलग मुसळधार पावसात गुहेत पाणी चढत असेल तर प्रवेश बंद असतो. तेव्हा खोलीत बसून पाऊसच पाहावा. दरड कोसळल्याची बातमी असेल तर चालकाचा निर्णय अंतिम मानावा.

२१. परतीचे विमान कितीचे घ्यावे?

दुपारी तीननंतरचे. शिलाँगहून सकाळी सातला निघाले तरी गुवाहाटीचा विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला असल्याने शहरातील वाहतूक ओलांडून पोहोचायला चार तास धरावेत, आणि पावसाळ्यात आणखी एक तास हाताशी ठेवावा. सोहरा किंवा डावकीहून थेट विमान पकडण्याचा बेत करू नये. सकाळचेच विमान मिळत असेल तर आदली रात्र गुवाहाटीत काढावी.